फिट शब्दाचे पुढचे पान

नर्सने पॅडला लावलेला फॉर्म माझ्या हातात दिला आणि सांगितले, पेशंटची माहिती भरून ठेवा, मी दहा मिनिटांत येते. पेशंट म्हणजे माझी मोठी बहीण, शोभाताई. पित्ताच्या थैलीत खडे झाले होते आणि आज ती थैलीच काढायची होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, तरी ती खाटेवर मांडी घालून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती की, आमच्या कन्हान नदीच्या रेतीत नसतील इतके खडे माह्या पोटात निघाले. त्या बाई पोट धरून हसत होत्या. त्यांचे ऑपरेशन कालच झाले होते, त्यामुळे हसणे त्यांना जड जात होते.

मी लिहीत होते. नाव, वय, पत्ता. रक्तदाब, नो. मधुमेह, नो. दमा, नो. त्याच्या खाली इंग्रजीत एक छोटासा शब्द होता. फिट्स. पुढे दोन चौकोन, एक येस आणि एक नो.

माझा पेन थांबला.

चाळीस वर्षांपूर्वी याच शब्दापुढे, याच बहिणीसाठी, मी येस लिहिले होते. त्या येसने तिचे काय झाले हे तिला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. अकरावीत असल्यापासून ठाऊक होते, आणि मी ते कधी कोणाला सांगितले नव्हते.

आमचे बाबा फिटर होते. कन्हानजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात. त्यामुळे फिट हा शब्द मला शाळेत शिकावा लागला नाही, तो घरातच होता. बाबा घरी आले की त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा, तापलेल्या लोखंडाचा आणि सुताच्या चिंध्यांचा असा मिळून एक वास असायचा. आंगणात ते आधी लाकडाच्या भुशाने हात चोळायचे, मग साबणाने, आणि तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. पाट डुगडुगत असला की त्याखाली लाकडाची चिपटी ठोकून म्हणायचे, झाला फिट. आईच्या डब्याचे झाकण बसले, फिट. जेवण झाले, पोटावर हात फिरवला, फिट. आमच्या घरात जे जे नीट जागेवर बसले, जे जे चांगले झाले, ते सगळे फिट होते. आजाराला तो शब्द आम्ही कधी लावला नाही. आमच्या मोहल्ल्यात एका म्हाताऱ्याला झटके यायचे, तोंडाला फेस यायचा. त्याला सगळे मिरगी म्हणत. मिरगी ही मिरगी होती. तिचा आणि फिटचा काही संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

तेव्हाच्या संध्याकाळी अजून नाकात आहेत. घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या आंगणात आणून पेटवायचे, आणि धूर इतका दाट व्हायचा की समोरच्या घरातला दिवा पिवळा डाग होऊन जायचा. नदीवरच्या पुलावरून मालगाडी जायची. तिचे डबे मोजण्याची ताईची आणि माझी शर्यत असायची, आणि ती नेहमी मला एक डबा जास्त मोजू द्यायची. उन्हाळ्यात नदी आटली की रेतीत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल पसरायचे. पिकलेल्या डांगराचा तो गोड, थोडा कुजकट वास घेऊन वारा घरापर्यंत यायचा. आता पुलाच्या त्या बाजूने जाते तेव्हा वास येत नाही. वेल आहेत की नाहीत हेही मी थांबून बघितलेले नाही.

घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एकीत डोळे मिटलेले होते आणि दुसरीत चष्म्यामागून रोखलेले. दुसऱ्या तसबिरीतल्या निळ्या कोटाच्या खिशाला पेन होता. बाबा आम्हाला अभ्यासाला बसवताना काही बोलत नसत. फक्त त्या पेनाकडे बोट दाखवायचे. आजोबा सही करू शकत नव्हते. बाबा सही करायचे आणि वाचायला अडखळायचे. आम्ही दोघी मुलींनी पुढे जायचे हे त्या घरात ठरवावे लागले नाही, ते ठरलेलेच होते.

डिक्शनरी त्यांनीच आणली. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, कोणातरी दुसऱ्याचे नाव लिहिलेली. तिचे पुठ्ठे निघालेले होते आणि सुरुवातीची काही पाने नव्हती, म्हणून आमची इंग्रजी भाषा ए पासून सुरू न होता थोडी पुढून सुरू व्हायची. बाबांनी तिला वर्कशॉपातल्या जाड कापडाचे कव्हर शिवून घातले होते. ती डिक्शनरी माझी होती. शब्द शोधायचा, पहिला अर्थ वहीत लिहायचा, पाठ करायचा. शाळेत इंग्रजीत माझा पहिला नंबर यायचा. ताईचे इंग्रजी कच्चे होते, पण तिला हाताची कामे यायची आणि माणसे यायची.

बारावी झाल्यावर तिला नर्स व्हायचे होते. तशी तयारी तिने कधीची सुरू केली होती. बाबांचे मनगटी घड्याळ मागून घ्यायची, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांचे हात धरायची आणि ओठ हलवत नाडी मोजायची. ज्याची नाडी मोजून झाली त्याला ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, अजून लय दिवस हायेत तुमचे. म्हाताऱ्या आपणहून हात पुढे करून आंगणात येऊन बसायच्या.

नागपुरातल्या एका नर्सिंग शाळेचा फॉर्म बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. ग्रीस लागू नये म्हणून त्या दिवशी त्यांनी वर्कशॉपातच दोनदा हात धुतले होते. फॉर्म सगळा इंग्रजीत. हिवाळ्यातली रविवारची दुपार होती. आंगणात उन्हाला चटई टाकलेली, आईने वाळत घातलेल्या मिरच्यांचा खाट नाकाला झोंबत होता, आणि ताई केस मोकळे सोडून बसली होती. तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"तूच भर वं. तुह्यं अक्षर छापल्यावानी हाय."

मी तेव्हा आठवीत होते. माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा फॉर्म. शाई फुटू नये म्हणून श्वास धरून मी मोठ्या लिपीत एकेक अक्षर काढत गेले. नाव, आडनाव, धर्म, शिक्षण. मग आजारांचा रकाना. टीबी, नो. दमा, नो. मग फिट्स. हा शब्द आजारांमध्ये कशाला आला हे मला कळेना. मी डिक्शनरी उघडली. फिट. योग्य, लायक, तंदुरुस्त, मापात बसणारा. पानाची शेवटची ओळ होती ती. मला वाटले, बरोबर आहे. एवढे आजार विचारल्यावर शेवटी विचारतात की बाकी सगळी तंदुरुस्त आहे ना. मागे एस लावलाय म्हणजे सगळ्या बाजूंनी.

तरी मी खात्री करून घेतली. म्हटले, "ताई, तू फिट हायेस ना?"

ती उठली, तिने मला दोन्ही काखांत धरून उचलले आणि आंगणात गरगर फिरवले. मिरच्या, शेगडी, बाबा, आई, सगळे गोल फिरत होते. बाबा दाराच्या चौकटीला टेकून हसत होते.

"फिटरची पोट्टी फिटच राहीन," ते म्हणाले.

मी खाली बसले आणि चक्कर थांबल्यावर सुंदर अक्षरात लिहिले, येस. इंग्रजी तीन अक्षरे. त्या फॉर्मवरचे सगळ्यात चांगले अक्षर तेच आले होते.

पुढचे दोन-तीन महिने घरात एक पांढरा रंग होता. नर्सच्या कपड्यांसाठी आईने पांढऱ्या कापडाचा तुकडा आणून ठेवला होता, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत. ताई रोज ट्रंक उघडून तो बघायची आणि त्याच्या वासासकट बंद करायची. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की ती हातातले काम टाकायची, आणि पोस्टमन पुढे गेला की काम उचलायची.

यादी लागली, तिच्यात ताईचे नाव नव्हते. बाबांनी सुटी घेतली, पांढरा शर्ट घातला आणि विचारायला नागपूरला गेले. संध्याकाळच्या गाडीने परत आले ते पाय न धुता ओट्यावर बसले. त्यांच्या वर्कशॉपातले जोडीदार नामदेवकाका समोरच राहायचे, तेही येऊन बसले. आम्ही दोघी दाराआड उभ्या होतो.

बाबांनी सांगितले ते एवढेच. खिडकीतला कारकून म्हणाला, मुलगी अनफिट आहे. बाबांनी विचारले, काहून? तर तो म्हणाला, कारण कशाला विचारता, कागदावर तुम्हीच लिहून दिले आहे. आणि खिडकी लावली.

"आपण काय लिहून देल्लं होतं, नामदेव?" बाबा म्हणाले. "नाव लिहिलं. आडनाव लिहिलं. बौद्ध लिहिलं."

नामदेवकाका मान खाली घालून ओट्याची माती बोटाने उकरत राहिले.

बाबांना तसे वाटायला त्यांच्या आयुष्यात कारणे कमी नव्हती. विहिरीवरची, चहाच्या दुकानातल्या वेगळ्या कपाची, वर्कशॉपातल्या एका सुपरवायझरची. ती सगळी खरी होती. हे त्या खऱ्यांतलेच आणखी एक, असे त्यांनी धरले. मीही तसेच धरले. दाराआड ताई माझा हात घट्ट धरून उभी होती. रडली नाही. त्या आठवड्यातच एक म्हातारी हात पुढे करून आंगणात आली, तर ताईने तिला सांगितले की घड्याळ बंद पडले आहे.

पांढऱ्या कापडाचे आईने उशांचे अभ्रे शिवले. मग ताईसाठी पायाची शिलाई मशीन आली. तेलाचा वास, खडूचा वास, नव्या कापडाच्या खळीचा वास. ताईच्या हातात जादू होती असे मी म्हणणार नाही. तिचे लक्ष होते. बाईला एकदा बघितले की ती दंड कुठे जाड, खांदा कुठे उतरता, हे सांगायची. कामठीहून बाया ब्लाउज शिवायला यायच्या आणि म्हणायच्या, शोभाबाईसारखी फिटिंग कोणाची नाही. पुन्हा तोच शब्द. घरात तो असा वावरायचा, निरपराध.

तिचा पाय मशीनवर चालायचा आणि मी पुढच्या वर्गात जायची. दहावी झाली, नागपूरला कॉलेजात आले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. माझा कॉलेजचा युनिफॉर्म, माझा कुर्ता, माझ्या वह्यांची पिशवी, सगळ्यांवर तिच्या हाताची शिवण होती. आमच्या अख्ख्या नात्यात नागपूरच्या कॉलेजात पोचलेली मी पहिली होते, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

अकरावीत असताना एके दिवशी वर्गात पुढच्या बाकावरची एक मुलगी अचानक खाली कोसळली. हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. कोणी तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, कोणी चप्पल हुंगवायला धावली. एक मुलगी शांतपणे म्हणाली, घाबरू नका, तिला फिट येते.

मी विचारले, काय येते?

फिट, ती म्हणाली. फिट येते तिला लहानपणापासून.

त्या शनिवारी घरी गेल्यावर मी ती डिक्शनरी काढली. कापडाचे कव्हर, जुना वास. फिट. योग्य, लायक, तंदुरुस्त, मापात बसणारा. पान संपले. मी पान उलटले. पुढच्या पानाच्या सगळ्यात वरती तोच शब्द पुन्हा होता, वेगळा, स्वतंत्र. फिट. झटका, आकडी, अपस्मार.

पान उलटायला किती वेळ लागतो?

मी उठून ताईकडे गेले. ती मोहल्ल्यातल्या एका नवरीच्या ब्लाउजचे माप घेत होती. तोंडात चार-पाच टाचण्या धरलेल्या. माझा चेहरा पाहून तिने भुवया उंचावल्या आणि टाचण्यांमधूनच म्हणाली की, हसवू नको हं, गिळून टाकीन. मी म्हटले, काही नाही. तिथेच पहिल्यांदा काही नाही म्हटले. पुढे ते सोपे होत गेले.

सांगायचे राहिले त्याची कारणे मी स्वतःला खूप दिली. परीक्षा होऊ दे. तिचे लग्न ठरू दे. लग्न झाले आहे, आता संसारात कशाला. मी पदवीधर झाले तेव्हा मोहल्ल्याने विहारात माझा सत्कार केला. शाल-नारळ नाही, एक पेन दिला. मी भाषण केले. म्हणाले की ताईचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई मागच्या रांगेत बसून पदराने डोळे पुसत होती. आणि मी माझ्याच तोंडून निघालेला शब्द ऐकून तिथे गार पडले होते.

नंतर पुष्कळदा मी त्यावर विचार केला. आपल्या मराठीतही फिट आहे, तो इंग्रजीतून आलेला नाही. गाठ फिटते. अंधार फिटतो. डोळ्यांचे पारणे फिटते. उपकार फिटतात, म्हणजे खरे तर फिटत नाहीत. इंग्रजीतला फिट घट्ट बसतो आणि मराठीतला फिटतो म्हणजे सुटतो. मी दोन्हींच्या मध्ये राहिले.

बाबांचे सांगायला हवे. त्या दिवसानंतर ते कोणत्याही कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहिले नाहीत. रेशनकार्डाचे काम आईने केले, पेन्शनचे नामदेवकाकांनी केले. नागपूरला आले तरी त्या नर्सिंग शाळेचा रस्ता टाळून लांबून जायचे. आणि गोष्ट सांगायचे. कोणाचे मूल नोकरीत लागले नाही, कोणाचा अर्ज परत आला, की आमच्या शोभाचे असेच झाले होते, असे म्हणून सुरू करायचे. सांगता सांगता ती गोष्ट घट्ट झाली, गुळगुळीत झाली. तिच्यात कारकुनाला चेहरा आला, आवाज आला. ऐकणारे मान हलवायचे. कारण ज्यांनी ज्यांनी ती ऐकली त्यांच्याकडे स्वतःची एकेक खरी गोष्ट होती. त्या खऱ्या दुःखांच्या शेजारी एक खोटे दुःख बसले होते, आणि ते मी बसवले होते.

शेवटच्या आजारात बाबा नागपुरातल्या हॉस्पिटलात होते. मी पाण्याचा पेला घेऊन उशाशी उभी होते. एक तरुण नर्स त्यांची नाडी बघून गेली. ती दाराबाहेर जाईपर्यंत ते तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपली शोभा बी अशीच दिसली असती. आडनावानं मारलं तिले."

खोलीत दुसरे कोणी नव्हते. आई चहा प्यायला खाली गेली होती. एकच वाक्य बोलायचे होते. मी त्यांना पाणी पाजले, तोंड पुसले आणि उशी सरळ केली. चार दिवसांनी बाबा गेले.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले. नागपुरातच मनीषनगरात घर झाले. दरवर्षी कनिष्ठ महाविद्यालयात एक तास मी फार रंगून घेते, एकाच शब्दाचे अनेक अर्थ. फळ्यावर मोठा शब्द लिहायचा आणि त्याला फांद्या काढत जायच्या. लाइट म्हणजे उजेड, लाइट म्हणजे हलका. फेअर म्हणजे गोरा, न्याय्य, जत्रा. मुले हात वर करतात, फळा भरून जातो. मी त्यांना बजावते की पहिल्या अर्थावर थांबायचे नाही, पान उलटायचे. फिट हा शब्द इतक्या वर्षांत मी फळ्यावर घेतला नाही. एकदा एका मुलीने सुचवला. मी म्हटले, तो सोपा आहे, दुसरा सांग.

"झालं काय वं भरून?" ताईने विचारले.

मी फॉर्मकडे बघत होते. तिने चष्मा काढून माझ्या पर्समध्ये ठेवला होता, त्यामुळे तिचे डोळे वेगळे, लहानपणीचे दिसत होते.

"ताई, तुह्या नर्सिंगच्या फॉर्मावर मीनं चुकीचं लिहिलं होतं," मी म्हटले. वसतिगृहात गेल्यापासून मी प्रमाण मराठीच बोलते, पण हे त्या भाषेत निघाले नसते.

मी तिला सगळे सांगितले. शब्द दाखवला. दोन चौकोन दाखवले. तिने मान जवळ आणून ती अक्षरे बघितली, जशी टाके बघते.

"म्हणजे मी कागदावर मिरगीवाली होती," ती म्हणाली. तिला हसू आल्यासारखे झाले आणि गेले. "आन् मी म्हणो, माह्यात काय कमी हाय."

शेजारच्या बाई आता हसत नव्हत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

"तुले कवा समजलं?"

"अकरावीत."

तिने चादरीवरची एक सुरकुती अंगठ्याने सरळ केली. तिचे काय चालले होते ते मला कळत होते. ती वर्षे मांडत होती.

"तवा बाबा होते," ती म्हणाली.

मी पॅडची क्लिप दाबून सोडली.

"मले नाई सांगतलं तं नाई सांगतलं. मी शिवत बसली, माहे दिवस गेले. त्याईले सांगाले पाहिजे होतं."

नर्स आली. मी नो वर खूण केली आणि फॉर्म दिला. ताईने कानातले काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि चाकाची खुर्ची नको म्हणून चालत आत गेली. मागे वळून बघितले नाही.

ऑपरेशन नीट झाले. मी तिला मनीषनगरला माझ्या घरी चल म्हटले, पण तिने कन्हानलाच जायचे धरले, बाबांच्या जुन्या घरी, जिथे ती आता राहते. मी सुटी काढून तिच्याजवळ राहिले. तिला मऊ भात करून द्यायची, तिचे केस विंचरायची. ती सगळ्यावर बोलायची. पुण्यातल्या तिच्या मुलाच्या फोनवर, टाक्यांच्या खाजेवर, गल्लीतल्या कुत्र्यावर. त्या एका गोष्टीवर नाही. माझ्यावर रागावली होती असेही नाही. काहीतरी आत ठेवून तिने झाकण लावले होते.

पाचव्या दिवशी दुपारी नामदेवकाका तिला बघायला आले. आता ते नव्वदीकडे झुकलेत. काठी टेकत समोरून आले आणि ओट्यावर बसले. सोबत त्यांची नात होती, सतरा-अठरा वर्षांची. तिला फार्मसीला प्रवेश मिळाला नव्हता, आणि ती दोन दिवस जेवली नव्हती असे काकांनी सांगितले. ताई उशीला टेकून बसली होती. काकांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ह्या शोभाबाईले विचार. हिच्या बापाले खिडकीतून कसं बाहेर काढलं होतं ते विचार. आणि ते सांगू लागले. पांढरा शर्ट, खिडकी, कारकून, कागदावर तुमीच लिहून देल्लं. बाबांचे शब्द जसेच्या तसे. बाबा थांबायचे तिथेच ते थांबत होते. ती मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती, आणि मला दिसत होते की ती गोष्ट तिच्या आत कुठे जाऊन बसत होती. तिची स्वतःची लढाई अजून सुरूच झाली नव्हती, आणि माझी चूक तिथे आधीच पोचली होती.

ताईने माझ्याकडे बघितले. आणि बघतच राहिली.

"काका," मी म्हटले, "ते तसं नव्हतं."

काकांना आता ऐकू कमी येते. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतं?"

ओट्यासमोरून बाया नळावर जात होत्या. समोरच्या दारात कोणीतरी धान्य पाखडत होते. मी मोठ्याने सांगितले. आडनावाने झाले नव्हते, कारकुनानेही केले नव्हते, मी फॉर्मवर चूक लिहिली होती. ताईला मिरगी आहे असे मीच लिहून दिले होते. एका शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. पुढे माहीत झाला, आणि बाबा असताना मी सांगितले नाही. धान्य पाखडण्याचा आवाज थांबला.

काकांनी कानामागचा हात खाली घेतला. मग काठीवर दोन्ही हात ठेवून, जणू शेजारी बसलेल्या बाबांनाच विचारावे तसे, हळू आवाजात त्यांनी विचारले, "एवढंच होतं?"

मी म्हटले, "एवढंच होतं, काका."